कॉलेजचं पहिलं वर्ष : छोटे आनंद आणि पहिलेवहिले टप्पे कसे ओळखायचे, कसे जपायचे

प्रवेश पक्का झाला, ओळखपत्र मिळालं, वेळापत्रकाचा फोटो मोबाइलमध्ये आला. आता पुढचा टप्पा कोणता, असं नव्या विद्यार्थ्यांना विचारलं की बहुतेक जण निकाल म्हणतात, नाहीतर थेट पदवी. मग मधली वर्षं नुसती वाट बघण्यात काढायची का? मी कॉलेजात शिकवते. जुने विद्यार्थी भेटायला येतात तेव्हा पदवीदान समारंभाचा विषय क्वचितच निघतो. निघतो तो शेवटच्या बाकावरच्या गप्पांचा, प्रॅक्टिकलला फुटलेल्या बीकरचा, लेक्चर रद्द झाल्यामुळे अचानक मोकळ्या मिळालेल्या दुपारचा.

यामागे कारण आहे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड पिलेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पदवी घेऊन २, १२ किंवा २२ वर्षं झालेल्या स्त्रियांना त्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या आठवणी विचारल्या. त्या आठवणी वर्षभर सारख्या पसरलेल्या नव्हत्या. वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांची दाटी झालेली होती. जागा नवी, माणसं नवी, प्रत्येक गोष्ट पहिल्यांदाच घडत असते, म्हणून ती मनावर उमटते. शिवाय वय वाढलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला सांगितल्या, तर साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी इतर वयांच्या मानाने खूपच जास्त निघतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांना पुन्हा पुन्हा आढळलं आहे. तुम्ही आत्ता नेमके त्याच वयात आहात, आणि त्यातल्या सर्वांत दाट भागाच्या उंबरठ्यावर आहात.

परीक्षेत मार्क कसे मिळवायचे हे सांगणारे पुष्कळ भेटतील. इथे मी सांगणार आहे ते रोजच्या दिवसांतले आनंद आणि छोटे टप्पे हातचे निसटू नयेत म्हणून काय करायचं ते. क्रम कॅलेंडरचा आहे. जो आठवडा चालू असेल तिथून सुरुवात केलीत तरी चालेल.

पहिला आठवडा : एक वही काढा

साधी, कोणतीही वही. मोबाइलमधलं टिपणही चालेल, पण मी वहीच सुचवीन, कारण वही उघडली की तिच्यातून दुसरी नोटिफिकेशन येत नाही. रोज रात्री त्यात तीन-चार ओळी लिहायच्या. पानंच्या पानं लिहायची शपथ घेतली की ती दहाव्या दिवशी मोडते, म्हणून मुद्दाम कमीच लिहा.

काय लिहायचं, यातच सगळी गंमत आहे. ‘आजचा दिवस छान गेला’ ही ओळ सहा महिन्यांनी वाचली तर हातात काहीच येणार नाही. त्याऐवजी असं लिहा : ‘तिसऱ्या तासाला प्रोजेक्टर बंद पडला. मॅडमनी फळ्यावर आकृती काढली, ती स्क्रीनवरच्यापेक्षा जास्त कळली. शेजारच्या मुलीचं पेन संपलं, माझं दिलं. नाव विचारायचं राहिलं.’ या चार ओळी वाचताना तो वर्ग पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहतो. एक वस्तू, एक माणूस, कोणाच्या तरी तोंडचं एखादं वाक्य, एवढं उतरवलं की पुरे.

हे रोजचं, साधंसुधं कशाला लिहायचं, असं वाटणं स्वाभाविक आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधल्या टिंग झँग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेलं संशोधन याच प्रश्नावर आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना त्या वेळच्या साध्या गोष्टी लिहून ठेवायला लावल्या : नुकतंच झालेलं एखादं बोलणं, सध्या ऐकत असलेली गाणी, मित्रांतला खास विनोद, नुकत्याच झालेल्या परीक्षेतला एखादा प्रश्न. काही महिन्यांनी ते पुन्हा वाचायला किती आवडेल, याचा अंदाजही विचारला. विद्यार्थ्यांनी अंदाज कमी बांधला होता. प्रत्यक्षात वाचताना त्यांना त्याहून कितीतरी जास्त मजा आली. साधे दिवस तर आठवतीलच, असं आपण गृहीत धरतो, आणि नेमके तेच आधी पुसले जातात.

म्हणून याच आठवड्यात आणखी एक काम करा. एका पाकिटात पुढच्या गोष्टी घाला : तुमच्या हाताने लिहिलेलं वेळापत्रक, वर्गाकडे जायचा रस्ता अजून पाठ नसताना काढलेला कच्चा नकाशा, आज ऐकलेल्या तीन गाण्यांची नावं, ज्याची धास्ती वाटते त्या विषयाचं नाव आणि तशी धास्ती का वाटते त्याची एक ओळ. पाकीट चिकटवा, वर सत्र संपण्याची तारीख घाला आणि कपाटात टाका. धास्तीची ओळ वगळू नका. सत्राच्या शेवटी पाकीट उघडाल तेव्हा तीच सगळ्यांत आधी वाचाल.

पहिला महिना : एक जागा धरा, आणि नावं विचारा

कॉलेजातली मैत्री आपोआप होते, असं सगळे म्हणतात. ती आपोआप होते हे खरं, पण त्यासाठी माणसं एकमेकांना वारंवार दिसावी लागतात. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ले शाक्टर आणि कर्ट बॅक यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत केलेला अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे कोणाची कोणाशी मैत्री झाली हे पाहिलं, तर आवडीनिवडींपेक्षा दारं किती जवळ आहेत यावर ती जास्त ठरलेली दिसली. शेजारच्या दाराशी मैत्री होण्याची शक्यता सगळ्यांत जास्त होती, आणि जिन्याजवळच्या घरांतल्या लोकांच्या ओळखी वरच्या मजल्यापर्यंत पोचल्या होत्या, कारण येणारे-जाणारे त्यांच्या दारावरूनच जात.

यातून तुमच्या कामाची गोष्ट अशी : पहिले काही आठवडे रोज साधारण त्याच भागात बसा. ग्रंथालयातलं एक टेबल धरा, मधल्या सुट्टीत एकाच कट्ट्यावर किंवा पायरीवर टेका. शक्यतो वर्दळीच्या बाजूला. कोपऱ्यातली निवांत जागा अभ्यासाला उत्तम, ओळखींना नाही. दुसऱ्या आठवड्यात समोरचा मान हलवतो, तिसऱ्यात ‘काल आला नव्हतास?’ असं विचारतो. तुम्ही आला नाहीत हे कोणाच्या तरी लक्षात आलं, हा कॉलेजमधला अगदी पहिला खरा टप्पा. त्या रात्री तो वहीत गेलाच पाहिजे.

नाव विचारायला लाजू नका. एकदा विचारलेलं विसरलात तर दुसऱ्यांदाही विचारा. पहिल्या महिन्यात सगळेच विसरतात, कोणी मनाला लावून घेत नाही. मी वर्गात पाहिलंय, ज्या मुलांना महिनाअखेर आजूबाजूच्या आठ-दहा जणांची नावं येतात त्यांचे खांदे सैल झालेले असतात, ती पाठ टेकून बसतात. बाकीची अजून बॅग मांडीवर धरून बसलेली दिसतात.

आणि आपण समोरच्याला आवडलो नाही, असं वाटत राहिलं तर हे लक्षात ठेवा : एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं, की पहिल्यांदा बोलणं झाल्यावर माणसं आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज खऱ्यापेक्षा कमी बांधतात. एकत्र राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांमध्ये हा गैरसमज कित्येक महिने टिकला होता. म्हणजे तुम्हाला वाटतं ‘आपण उगाच बडबडलो’, त्याच वेळी समोरच्याला वाटत असतं ‘उगाच मीच बडबडलो’. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बोला.

जिवलग मित्र नाहीत म्हणून पहिल्याच महिन्यात खचून जाणारी मुलं मी दर वर्षी पाहते, आणि मला त्यांची फार काळजी वाटते. त्यांच्यासाठी एक हिशेब. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये नव्या गावी राहायला आलेली माणसं आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी यांच्या मैत्रीचे तास मोजायचा प्रयत्न केला. नुसत्या ओळखीचं जुजबी मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास, मित्र म्हणण्याइतकं जवळ यायला सुमारे ९० तास आणि जिवलग व्हायला २०० तासांहून जास्त लागतात, असा त्यांचा अंदाज निघाला. त्यातही एकत्र काम करण्यात गेलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत. निवांत, बिनकामाचा वेळ उपयोगी पडतो. रोज एक तास गप्पा झाल्या आणि आठवड्याचे पाच दिवस धरले, तर ५० तास भरायलाच दहा आठवडे जातात. तेव्हा महिन्याभरात जिवलग मित्र मिळाला नाही, तर तुमच्यात काही उणं नाही. अजून तेवढे तासच झालेले नाहीत.

तोवर जुजबी ओळखींना कमी लेखू नका. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१४ च्या अभ्यासात असं दिसलं, की ज्या दिवशी विद्यार्थी नेहमीपेक्षा जास्त वर्गमित्रांशी बोलले, त्या दिवशी ते जास्त आनंदी होते आणि आपण इथले आहोत असं त्यांना जास्त वाटलं. हे वर्गमित्र काही जिवाभावाचे नव्हते. दाराशी ‘झालं का सबमिशन?’ एवढं विचारणारा मुलगा, ग्रंथालयात पुस्तकावर शिक्का मारताना हसणाऱ्या बाई, रोज त्याच वेळी जिन्यात भेटणारी वरच्या वर्गातली मुलगी, यांच्याशी दोन वाक्यं बोलल्याने दिवस बदलतो.

याच महिन्यात : ग्रंथालयात कामाशिवाय जा

पुस्तक आणायला सगळेच जातात. तुम्ही एकदा काहीही आणायचं नाही असं ठरवून जा. बऱ्याच ग्रंथालयांत पुस्तकं मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये मांडलेल्या दशमान पद्धतीने लावलेली असतात : १५० च्या आसपास मानसशास्त्र, ३३० ला अर्थशास्त्र, ५१० ला गणित, ५३० ला भौतिकशास्त्र, ८०० पासून साहित्य, ९०० पासून इतिहास-भूगोल. आकड्यांचा हा क्रम कळला की कपाटांची भीती जाते आणि एक नवा आनंद सुरू होतो. तुम्हाला हवं ते पुस्तक जिथे असतं, त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला त्याच विषयावरची, कधी नावही न ऐकलेली पुस्तकं उभी असतात. पाठ्यपुस्तकात न कळलेली गोष्ट शेजारच्या जुनाट बांधणीच्या पुस्तकात दोन परिच्छेदांत कळते. असं पहिल्यांदा घडेल त्या दिवसाची तारीख आणि पुस्तकाचं नाव लिहून ठेवा. अभ्यासक्रमाबाहेरचं, कोणी न सांगता, स्वतः शोधून वाचलेलं ते तुमचं पहिलं पुस्तक असेल.

सत्राच्या मध्यावर : अभ्यासातले टप्पे

अभ्यासात आनंद असतो असं म्हटलं की मुलं संशयाने बघतात. पण प्रॅक्टिकलच्या तासाला त्यांचे चेहरे मी बघितलेत. टायट्रेशन घ्या, म्हणजे आम्लात थेंबथेंब अल्कली घालून ती नेमकी किती लागते हे मोजायचा प्रयोग. फ्लास्कमध्ये आम्ल, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब, वर ब्युरेटमध्ये, म्हणजे तोटी असलेल्या काचेच्या मोजनळीत, अल्कली. सुरुवातीला थेंब पडला की गुलाबी ठिपका उमटतो आणि फ्लास्क हलवताच विरतो. मग तो विरायला वेळ लागू लागतो. इथे घाई केली तर एकदम भडक गुलाबी होतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. ज्याने बोटाने तोटी अगदी जराशी फिरवून एकच थेंब सोडला, त्याच्या फ्लास्कमध्ये फिक्का, जेमतेम दिसेल असा गुलाबी रंग येतो आणि हलवला तरी टिकतो. त्या क्षणी पोरं श्वास रोखून बघतात. लागोपाठची रीडिंग जुळली की शेजारच्या टेबलावर सांगायला धावतात. हा आनंद मार्कांचा नव्हे, हात बसल्याचा आहे.

प्रत्येक शाखेत असं काहीतरी असतं. संगणकवाल्यांचा प्रोग्रॅम, कुठेतरी राहून गेलेला एक कंस सापडून, पहिल्यांदा सुरळीत चालतो. भाषेच्या विद्यार्थ्याला शब्दकोश न उघडता एक अख्खं पान समजतं. इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या लक्षात येतं की दोन पुस्तकं एकाच घटनेबद्दल वेगळं सांगताहेत, आणि का वेगळं सांगताहेत हेही त्याला दिसतं. चित्रकलेच्या मुलीला हात काढता येतो, पाचही बोटं जागच्या जागी. तुमच्या विषयात हा क्षण कोणता, हे एखाद्या सिनिअरला विचारा. ‘तुला पहिल्यांदा कधी वाटलं की हे आपल्याला जमतंय?’ या प्रश्नाचं उत्तर देताना सिनिअर खुलतात, आणि तुम्हाला पुढचा टप्पा आधीच दिसतो.

हे क्षण लवकर यावेत म्हणून अभ्यासाची एक सवय लावून घ्या. वाचलेलं पुन्हा पुन्हा वाचू नका. पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरसमूह पाठ करून ते किती टिकतात हे त्यांनी मोजलं, तर एका दिवसाने जेमतेम एक तृतीयांश उरत होतं. विसरणं हा तुमचा दोष नव्हे, मेंदू तसाच चालतो. उपाय २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या प्रयोगात स्पष्ट दिसला : ज्या विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला त्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने चित्र उलटं झालं. ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं, ते पुढे गेले. कोरा कागद सुरुवातीला छळतो, कारण काय येत नाही ते तो लगेच दाखवतो. तीच त्याची किंमत आहे. पहिल्या दिवशी त्यावर पाच ओळी येतील. काही दिवसांनी पान भरेल. ते भरलेलं पान फेकू नका, तारीख घालून ठेवा. दोन कागद शेजारी ठेवले की तुम्ही किती पुढे आलात हे कोणी सांगायची गरज राहत नाही.

वर्गात पहिल्यांदा शंका विचारणं हा मोठा टप्पा आहे, आणि तो दिसतो त्याहून कितीतरी अवघड असतो हे आम्हा शिक्षकांना माहीत आहे. हात वर करायच्या आधी प्रश्न वहीत एका वाक्यात लिहून घ्या. ‘मला काहीच कळलं नाही’ यापेक्षा ‘दुसऱ्या पायरीपर्यंत कळलं, तिसरी कशी आली ते नाही कळलं’ असं विचारलं की उत्तरही नेमकं मिळतं. तुमच्या प्रश्नानंतर आणखी दोन-तीन जण भराभर वहीत लिहायला लागतात. मागे वळून बघा, दिसतील. वर्गात धीर होत नसेल तर तास संपल्यावर या. तेही जमत नसेल तर शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभे राहा, आत बोलावलं जाईल. एकदा ती भीड चेपली की पुढची सगळी वर्षं सोपी जातात.

सर्वांसमोरचं पहिलं सादरीकरण याच सुमारास येतं. त्याबद्दल एवढंच सांगते : पहिली तीन वाक्यं पाठ करा, बाकीची करू नका. आवाज पहिल्या वाक्याला कापतो, चौथ्यापर्यंत ताळ्यावर येतो.

बाकी सत्रभर : स्वतःचं स्वतः

काही टप्प्यांना प्रमाणपत्र नसतं आणि कोणी टाळ्याही वाजवत नाही. स्वतः भरलेला पहिला फॉर्म, जो परत आला नाही. महिनाअखेर शिल्लक राहिलेले पैसे, मग ते कितीही थोडे असोत. घरापासून दूर असताना आलेला ताप, स्वतः जाऊन घेतलेलं औषध आणि दुसऱ्या दिवशी उतरलेला ताप. नव्या शहरात कोणाला तरी तुम्ही रस्ता सांगितलात आणि तो बरोबर निघाला. मित्रांचा आग्रह असताना नको असलेल्या गोष्टीला दिलेला नकार, आणि मैत्री तरी टिकली. हे सगळं वहीत जाऊ द्या. यासाठी वेगळं काही करायचं नाही, फक्त ‘त्यात काय एवढं’ असं स्वतःला म्हणायचं नाही.

चांगली बातमी आली की : त्याच दिवशी सांगा

शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे दाखवलं की चांगली घटना कोणाला तरी सांगितली, तर त्या घटनेच्या आनंदावर आणखी आनंद चढतो. ऐकणारा खरंच रस घेऊन ऐकत असेल तर हा परिणाम जास्त होतो. म्हणून कोणाला सांगायचं हे नीट निवडा. ‘किती मार्क पडले? बाकीच्यांना किती?’ असं विचारणाऱ्याला नंतर सांगितलं तरी चालेल. ‘अरे वा, मग पुढे काय झालं?’ असं विचारणाऱ्याला आधी सांगा.

घरी फोन करताना बहुतेक मुलं ‘जेवलो, बरा आहे, अभ्यास चालू आहे’ एवढ्यावर उरकतात. घरच्यांना तुमचं कॉलेज दिसत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचतं. आठवड्यातून एकदा वहीतल्या चार ओळी त्यांना वाचून दाखवा. बंद पडलेला प्रोजेक्टर, ते पेन, नाव विचारायचं राहिलेली मुलगी. पुढच्या फोनवर आईच विचारेल, ‘मग कळलं का नाव?’ ज्यांच्या घरात आजवर कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यांनी तर हे जरूर करावं. अशा घरात तुमचं वर्ष एकट्या तुमचं नसतं, अख्खं घर त्यातून पहिल्यांदा कॉलेज बघत असतं.

आणि दुसऱ्याची बातमी ऐकायची पाळी आली की मोबाइल खाली ठेवा, दोन प्रश्न विचारा. तुमच्या आधी मित्राचं काम झालं असेल तेव्हा हे जड जातं. तरीही करा. गट त्यानेच टिकतात.

फोटो काढताना

काढा, जरूर काढा. फक्त हे माहीत असू द्या : लिंडा हेन्केल यांनी २०१४ मध्ये विद्यार्थ्यांना संग्रहालयातून फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. ज्यांचे फोटो काढले त्या वस्तू विद्यार्थ्यांना कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम करून फोटो काढला, तेव्हा आठवण शाबूत राहिली. तेव्हा वीस जणांच्या ओळीचा फोटो एकदा काढा आणि पुरे करा. मग जवळ जा : बाकावर कोरलेली नावं, मित्राच्या जर्नलवरचा शाईचा डाग, कार्यक्रमाच्या आदल्या रात्री रंगाने माखलेले हात. मोबाइलमध्ये ‘पहिलं सत्र’ नावाचा एक फोल्डर करून निवडक फोटो त्यात टाका, नाहीतर हजारो स्क्रीनशॉटांत ते पुन्हा सापडणार नाहीत.

सत्र संपताना : शेवटची सही आणि शेवटचा पेपर

जर्नलवर शेवटची सही झाली की घोडं गंगेत न्हालं, हे वाक्य तुम्ही दर वर्षी ऐकाल. सहीच्या रांगेत उभं राहण्यात एक वेगळीच मजा असते : कोणाचा आलेख राहिलाय, कोणाचं अनुक्रमणिकेचं पान कोरं आहे, कोणी भिंतीला जर्नल टेकवून उभ्या उभ्या आकृतीला नावं देतंय. त्या रांगेत अनोळखी माणूससुद्धा आपली पट्टी देतो.

परीक्षेच्या दिवसांत वही बंद राहिली तरी हरकत नाही. झोप मात्र मोडू नका. रात्रभर जागून कोंबलेलं सकाळी सापडत नाही. पेपर झाल्यावर दाराशी उभं राहून उत्तरं जुळवत बसायची प्रथा सगळीकडे आहे. मी विद्यार्थ्यांना ती सोडून द्यायला सांगते, निदान पुढचा पेपर दुसऱ्या दिवशी असेल तर नक्कीच.

शेवटचा पेपर संपतो ती संध्याकाळ रिकामी ठेवा. सामान बांधणं, गाडी पकडणं शक्य असेल तर दुसऱ्या दिवसावर ढकला. अभ्यासाचा भार नसलेले ते काही तास वर्षातून एक-दोनदाच मिळतात. सहा महिन्यांपूर्वी ज्यांची नावं माहीत नव्हती त्यांच्याबरोबर बसा आणि सगळ्यांनी आपापली पाकिटं तिथेच उघडा. कोणाला कशाची धास्ती होती ते मोठ्याने वाचा. कच्चे नकाशे एकमेकांना दाखवा. मग नवं पाकीट भरा, पुढच्या सत्राची तारीख घाला.

ज्यांचे टप्पे उशिरा येतात त्यांच्यासाठी

वरचं सगळं वाचून कोणाला वाटेल, माझ्याकडे यातलं काहीच घडलं नाही. विषय राहिला, ग्रुप जमला नाही, शाखाच चुकली असं वाटतंय. दर वर्षी प्रत्येक वर्गात अशी मुलं असतात, फक्त ती एकमेकांना दिसत नाहीत, कारण सगळेच हसरे फोटो टाकतात. अशा वेळी पहिलं काम म्हणजे एका मोठ्या माणसाला सांगणं : वर्गशिक्षक, समुपदेशक, ज्यांच्या तासाला तुम्हाला त्यातल्या त्यात बरं वाटतं असे कोणतेही शिक्षक. जाताना कागदावर तीन ओळी लिहून न्या. काय होतंय, कधीपासून होतंय, आत्ता काय हवंय. रडू आलं तर कागद पुढे करता येतो. झोप, भूक, उठून बाहेर पडणं हेच दोन-दोन आठवडे बिघडलेलं असेल, तर वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

विषय राहिला असेल तर उत्तरपत्रिका बघायला मिळते का ते विचारा, आणि मिळत असेल तर नक्की बघा. निकालाच्या कागदावर फक्त आकडा असतो. कुठल्या प्रश्नात, कुठल्या पायरीवर घोटाळा झाला हे उत्तरपत्रिकेत दिसतं. मग मागे सांगितलेली कोऱ्या कागदाची रीत फक्त तेवढ्या भागासाठी वापरा. अख्खं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करू नका.

तुमच्या वहीत पहिल्या सत्रात ‘आज वर्गात जाऊन आलो’ एवढंच असेल, तर तेही तारीख घालून लिहा. आणि राहिलेला विषय पुढच्या खेपेला सुटेल, तेव्हा विषय राहिल्याचं ज्या माणसाला सर्वांत आधी सांगितलं होतं, त्यालाच आधी फोन करा.